तिसऱ्या रविवारची चिठ्ठी

आत्या, आज तिसरा रविवार.

उपासनेहून आले, साडी बदलली, स्टोव्ह पेटवला आणि सवयीनं दोन कपांचं आधण ठेवलं. ठेवल्यावर चूक लक्षात आली, पण पाणी कमी केलं नाही. तुझं शास्त्र, ते जुनं बायबल, पुढ्यात टेबलावर आहे. दोन आठवड्यांपूर्वी तू त्यात ठेवलेल्या चिठ्ठीचं टोक पानांतून बाहेर आलंय. आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ती आज चहाच्या वेळी उघडायची, आणि जिची चिठ्ठी तिनंच उघडायची. तू तर गुरुवारपासून शिवडीच्या दफनभूमीत आहेस. अशा वेळी काय करायचं ते तू कधी सांगून ठेवलं नाहीस.

कबरीपाशी पाळकसाहेब म्हणाले, "ही प्रभूची इच्छा." सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझं तोंड उघडलं नाही. हे वाक्य तुला मुळीच खपायचं नाही. तू शिकवायचीस त्या गिरगावच्या शाळेत एखादी मुलगी नापास झाली आणि तिची आई 'देवाची मर्जी' म्हणून उसासली, की तू लगेच म्हणायचीस, "देवाला विचारायचं असतं हो बाई, देवावर ढकलायचं नसतं. तुमच्या मुलीनं भूगोलाचं पुस्तक उघडलंच नाही." मूठमाती देताना नेमकं तेच आठवलं आणि माझी मूठ सुटेना. शेवटी काशीबाईंनी मनगट धरून ती सोडवली. वरच्या मजल्यावरून पंचवीस वर्षं तुझ्याशी वाद घालत आलेल्या काशीबाई पहिल्यांदाच आपल्या दफनभूमीत आल्या होत्या आणि चपला फाटकाबाहेर काढून अनवाणी आत आल्या होत्या. तू असतीस तर हसली असतीस आणि परत जाताना त्यांच्या चपला तूच शोधून दिल्या असत्यास.

मला आई आठवत नाही. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची. बाबा गिरणीत. तू नगरहून आठ दिवसांसाठी म्हणून लालबागला आलीस ती राहिलीसच. तिकडे एका मास्तरांशी तुझं लग्न ठरलेलं होतं, हे मला फार उशिरा आणि तेही बाबांच्या तोंडून कळलं. परत जावं की भावाच्या पोरीपाशी राहावं, ही तू ह्या शास्त्रात ठेवलेली पहिली चिठ्ठी. पुढं घरातला प्रत्येक मोठा निर्णय तसाच झाला. पहिल्या रविवारी प्रश्न लिहून शास्त्रात ठेवायचा आणि आठवडाभर त्याविषयी देवाखेरीज कुणाशी अवाक्षर काढायचं नाही. दुसऱ्या रविवारी दोन माणसांना विचारायचं: हो म्हणेल असं वाटतं अशा एकाला, आणि नाही म्हणेल अशी खात्री आहे अशा एकाला. दोघांचं म्हणणं चिठ्ठीच्या मागं लिहायचं. तिसऱ्या रविवारी चहा करायचा, चिठ्ठी उघडायची, प्रार्थना करायची आणि मग आपलं डोकं चालवून ठरवायचं. प्रार्थना केली म्हणून डोक्याला सुट्टी द्यायची तुझ्या घरात सोय नव्हती.

त्या पहिल्या चिठ्ठीसाठी नाही म्हणायला तू खुद्द त्या मास्तरांनाच पत्र घातलंस. 'तिथं राहू नका, या,' असं त्यांचं उत्तर आलं. तू राहिलीस. "पस्तावलीस का गं?" असं मी एकदा विचारलं होतं. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "चिठ्ठी आहे अजून शास्त्रात. फाडलेली नाही." चुकलेली असो की बरोबर, चिठ्ठी फाडायची नाही हाही तुझाच नियम. "आपण ठरवलेलं आपल्या अक्षरात राहू दे. म्हणजे मागाहून दुसऱ्या कुणाच्या नावावर घालता येत नाही."

माझं पहिल्यापासून असं की मला थांबवत नाही. नर्सिंगला जावं का, ही चिठ्ठी मी अठराव्या वर्षी ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी मला ते तीन रविवार जड व्हायला लागले. शास्त्रात एकानं देवाला खूण मागितलीय ना, लोकर बाहेर ठेवून? सकाळी लोकर भिजलेली आणि जमीन कोरडी निघाली, तर देव हो म्हणाला असं धरायचं. लालबागच्या चाळीत लोकर कुठली आलीय. उशीसाठी बाबांनी आणलेला कापूस होता, त्यातला मूठभर काढून मी गॅलरीत ठेवला. सकाळी उठून बघते तर कापूस चिंब आणि आजूबाजूची फरशी खडखडीत कोरडी. मी तुला ओढत बाहेर आणलं. तू कापूस बघितलास आणि मग मान वर करून बघितलंस. वरून थेंब पडत होते. काशीबाई कठड्यावरच्या तुळशीला पाणी घालत होत्या.

"काशीबाई," तू खालूनच म्हणालीस, "आमच्या सुशीला देवाचा निरोप तुमच्या तुळशीच्या हाती आलाय बरं का."

"काय गो? काय झाला?" त्या वाकून बघायला लागल्या आणि लोट्यातलं उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर सांडलं.

पुढं महिनाभर मजल्यावरचा जो तो मला विचारायचा, कापूस वाळला का. तूही पदरात तोंड लपवून हसलीस. पण संध्याकाळी माझी वेणी घालताना म्हणालीस, "खूण मागणाऱ्याला खूण मिळते गं. कुठूनही मिळते. म्हणून तर मागायची नाही." रविवारी मी नाही म्हणायला काशीबाईंनाच धरलं. "परक्या पुरुषांची आंगां पुसतलंस?" म्हणून त्यांनी अर्धा तास माझी हजेरी घेतली. ते सगळं मी चिठ्ठीमागं लिहिलं आणि तिसऱ्या रविवारी नर्सिंगला जायचं ठरवलं. आज वॉर्डात कुणाचं अंग पुसताना लाज वाटत नाही, कारण ती लाज मी आधीच कागदावर लिहून बघितली होती. हे तुला सांगायचं राहिलं.

बाबा गेले, मी कमावती झाले, तशी तुझ्या चिठ्ठ्यांमागं नाही म्हणायला माझंच नाव यायला लागलं. हार्मोनियम घ्यावी का? नाही, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. शाळेतून लवकर निवृत्त व्हावं का? नाही, घरात बसून तू मला शिकवत बसशील. तू दोन्ही केलंस. मला राग यायचा नाही. माझं नाही तू नीट, स्वल्पविरामासकट लिहून घ्यायचीस, आणि ते वाचून मगच मोडायचीस.

मग चळवळ आली आणि आपलं बिनसलं. त्या दिवसांत गिरण्या बंद व्हायच्या, ट्राम मध्येच उभ्या राहायच्या, आपल्या जिन्यात पोरं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणून घोषणा देत वरखाली करायची. मंडळीतले काहीजण म्हणायचे, आपण ख्रिस्ती माणसांनी ह्यात पडू नये. नळावर कुणीतरी मला म्हणालं, तुमचं काय, तुमचं राज्य स्वर्गात. माझं डोकं फिरलं. चाळीतल्या बायका सत्याग्रहाला जाणार होत्या, त्यांच्याबरोबर जावं का अशी चिठ्ठी मी ठेवली. नाही म्हणायला तुझं नाव घातलं, कारण तू नाही म्हणणार नाहीस अशी माझी खात्री होती. ती लबाडी होती आणि तुला ती कळली.

"जाऊ नको," तू म्हणालीस. "मोर्चात एक बाई कमी पडली तरी मोर्चा चालतो. वॉर्डात एक सिस्टर कमी पडली तर ती माणसं हाक कुणाला मारणार?"

मी गेले नाही. त्यानंतरच्या आठवड्यात गोळीबार झाला आणि आपल्याच रस्त्यावरची मुलं खांद्यावरून आमच्या वॉर्डात आली. त्यांतल्या दोघांना मी लहानपणापासून ओळखत होते. मी पाय दुखेस्तोवर उभी होते आणि तुझं म्हणणं बरोबर होतं. मी तुला तसं सांगणारही होते. पण महिन्याभरात तूच चिठ्ठी ठेवलीस, आपण सत्याग्रहाला जावं का म्हणून, आणि नाही म्हणायला मला बसवलंस. मी कळकळीनं नाही म्हटलं. वय झालं, ऊन सोसत नाही, पोटात सारखं दुखतं, तिथं औषध कोण देईल. तू सगळं लिहून घेतलंस, तिसऱ्या रविवारी वाचलंस आणि सोमवारी निघालीस.

दारात पिशवीत शास्त्र घालताना म्हणालीस, "मी निवृत्त बाई, सुशी. माझ्या मागं कोण खोळंबतंय?"

मी पोळी उलटत होते. उत्तर ओठांवर होतं. दिलं नाही.

पाच दिवसांनी तू सुटून आलीस ती चाळभर आरत्या घेत आलीस. कुणीतरी ख्रिस्ती बाईच्या कपाळाला कुंकू लावून टाकलं होतं आणि तू ते पुसलंही नव्हतंस. सगळ्या मजल्याला तू कोठडीतल्या गमती सांगत होतीस. मी ताट वाढलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. माझं नाही तू ह्याआधीही मोडलं होतंस, पण हार्मोनियमसाठी मोडणं वेगळं होतं. त्या पाच दिवसांत मी प्रत्येक व्हॅनच्या आवाजाला जिन्यात धावत होते. तेव्हापासून मी नाही म्हणणं सोडलं. तू काहीही विचारलंस की मी म्हणायची, "तुला वाटेल तसं कर." तू दोनदा विचारलंस, रागावलीस का. मी दोनदा म्हटलं, छे. एवढी वर्षं एका खोलीत राहून आपण ते भांडण भांडलोच नाही. दोन समंजस बायकांसारखं त्याच्या कडेकडेनं चालत राहिलो.

आणि मग हे पोटाचं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघितला आणि म्हणाले, जठरातला व्रण खोल गेलाय, ऑपरेशन करून टाकू. मी शेजारी उभी होते. तू म्हणालीस, "विचार करून सांगते," आणि मला कळलं की रविवारी चिठ्ठी जाणार. पहिला आठवडा तर बोलायची बंदीच. मी रिवाज पाळला. पाळायला सोयीचा होता.

दुसऱ्या रविवारी तू आधी वर काशीबाईंकडे गेलीस. तुला कापून घ्यायचं नव्हतं, भीती वाटत होती, आणि ती भीती बोलून दाखवायला तुला काशीबाई हव्या होत्या. जिन्यावरून त्यांचा आवाज खाली येत होता, "माका विचारशीत तर पोटाक सुरी लावूची नाय." मग तू खाली येऊन माझ्यासमोर बसलीस. चहा ओतलास. कागद नि पेन्सिल पुढ्यात घेतलीस.

"आता तू बोल," म्हणालीस. "ऑपरेशन न करता राहावं म्हणते मी. तू नाही म्हण."

आत्या, वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक पोटदुखीच्या माणसाला मी विचारते, शौचाला काळं होतं का, चक्कर येते का, पाणीसुद्धा उलटून पडतं का. अनोळखी माणसाला विचारते, दिवसातून दहादा. तुला विचारलं नाही. तुझा चेहरा कागदासारखा झाला होता, तो मला दिसत होता. एवढंच म्हणायचं होतं की हा तीन रविवारांचा प्रश्न नाही, उद्या सकाळी चल. ते सोडून मी म्हणाले, "तुला वाटेल तसं कर. माझं तू कुठं ऐकतेस." आणि उठून मोरीवर गेले. तू "बरं" म्हणालीस. मागून पेन्सिलीचा आवाज आला. काय लिहितेयस ते मी वळून बघितलं नाही.

बुधवारी सकाळी काशीबाईंच्या मुलांनी तुला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं आणि टॅक्सीनं आमच्याकडे आणलं, मी ड्यूटीवर असतानाच. व्रण फुटला होता. ऑपरेशन झालं, जे आपण ठरवायचं ठेवलं होतं ते कुणालाही न विचारता झालं. आत नेताना तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सुशी, टोपी वाकडी झालीय." मी टोपी सरळ केली. दुपारी डॉक्टर बाहेर आले. आठ दिवस आधी आली असती तर, असं मी विचारलं. ते बेसिनपाशी हात धूत राहिले आणि मग म्हणाले, "सिस्टर, तुम्ही घरी जा."

गुरुवारपासून मी तुझ्या रिवाजाशी भांडतेय. पंचवीस वर्षं ज्यानं आपलं घर चालवलं, त्यानंच तुला नेलं असं कधी वाटतं. देवापुढं थांबायचं तू शिकवलंस. कधी थांबायचं नाही, ते कुणी शिकवायचं? मग वाटतं, त्यासाठीच तर तू नाही म्हणणारं माणूस मधे बसवलं होतंस. थांबणं घातक असेल तेव्हा ओरडायचं कामच माझं होतं. रिवाज धड होता, त्यातली मीच जागा सोडून उठले. म्हणूनच आमेन म्हणवलं नाही. प्रभूची इच्छा म्हणून मोकळी झाले असते, तर माझ्या अक्षरातलं मी त्याच्या नावावर घातलं असतं, आणि तू हे मला कधी करू दिलं नसतंस.

काल काशीबाई खाली आल्या होत्या. माझ्याआधी त्याच रडल्या. "मीच सांगितलंय गो, सुरी लावू नको म्हणान," म्हणत राहिल्या. मी त्यांना म्हटलं, तुमचं काम हो म्हणायचं होतं, तुम्ही ते केलंत. नाही माझं होतं. त्यांना ते कितपत समजलं कोण जाणे. जाताना चिठ्ठीचं टोक बघून म्हणाल्या, "ती उघडून बघ. तिचा शब्द आसा तो."

चहा झालाय. दोन कप ओतलेत. चिठ्ठी उघडतेय.

तुझं ते शाळेतलं गोल अक्षर. पुढं प्रश्न: 'ऑपरेशन न करता राहावं का?' मागं पहिलं नाव काशीबाईंचं, हो. 'सुरी नको म्हणाल्या. मायेनं म्हणाल्या. पण त्यांना आजाराची माहिती नाही.' त्याखाली माझं नाव. तिथं जागा कोरी असेल असंच मी धरून चालले होते. चार दिवस त्या कोऱ्या जागेला भ्यायले. ती कोरी नाही.

'सुशी. तोंडानं काही सांगत नाही. कप मोरीत आदळला, कान तुटला. पाठ वळवून उभी आहे, खांदे हलताहेत. नकारच धरायचा. हिला सोडून जाता येणार नाही. रविवारी सांगावं, ऑपरेशन करून घेते म्हणून. सोबत तिलाच न्यावं.'

कप मी आदळला होता, हे मला आठवतसुद्धा नव्हतं. आता उठून बघितलं. कान तुटलेला कप मोरीच्या फळीवर, तू धुऊन पालथा घातलेला आहे.

म्हणजे तू ऐकलं होतंस. मी न म्हटलेलं तू ऐकलंस, लिहून घेतलंस आणि ह्या वेळी मोडणार नव्हतीस. तुझं ठरलं होतं. फक्त आजचा दिवस उजाडायची वाट बघत होतीस, कारण मला चहाबरोबर सांगायचं होतं. ह्यानं बरं वाटावं की जीव जावा, ते कळत नाही. दोन्ही होतंय. आता म्हणतात राज्य मिळणार, लवकरच मिळणार. पोरांनी जिन्यात पताका लावायला घेतल्यात. त्या बघायला तू हवी होतीस.

चिठ्ठी फाडत नाही. नगरच्या मास्तरांच्या चिठ्ठीशेजारी ठेवते.

पण आज तिसरा रविवार आहे, आत्या, आणि रिवाज रिवाजासारखा व्हायला हवा. दुसऱ्या रविवारचं माझं काम राहिलंय ते आधी करते. तुझा कप तुझ्या जागेवर ठेवलाय. मी समोर बसलेय. ह्या वेळी तोंडानं सांगते, तू लिहून घे.

नाही. असं राहायचं नाही. उद्यापर्यंतसुद्धा थांबायचं नाही. उठ, पिशवी घे, मी सोबत येते. मागं कोण खोळंबतंय म्हणून त्या दिवशी दारात विचारलं होतंस ना? मी. पोळी उलटत उभी होते ती मी.